बाईचं पांढरं कार्ड

"सर, सख्ख्या बहिणींचं सारखंच असेल ना?"

मी शेवटच्या बाकावरून विचारलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी फळ्यावर चार घरांचा चौकोन काढला होता. वर बापाची दोन जनुकं, डाव्या हाताला आईची दोन, आणि मधल्या चार घरांत होऊ शकणारी लेकरं. प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेचं माझं पहिलंच वर्ष होतं. नागपूरच्या उन्हात पंखा नुसता गरगरत होता.

"नाव काय तुमचं?"

"संघमित्रा रामटेके."

"बहीण आहे?"

"आहे ना सर. थोरली."

"तिचं नाक तुमच्यासारखंच आहे का?"

"नाही सर. तिचं चाफेकळी, माझं भजं."

पुन्हा हशा. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "नाक वेगळं निघू शकतं, मग रक्तातलं जनुक का नाही? आई-बाप तेच असले तरी दर लेकराच्या वेळी चिठ्ठ्या नव्यानं उचलल्या जातात. एक आईकडची, एक बापाकडची. तुम्हाला कुठली निघाली त्यावरून बहिणीला कुठली निघाली हे कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही. तिचं तिचं तपासावं लागतं."

बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझा पेन मात्र तिथंच थांबला. माझ्या बहिणीचं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं, आणि तिच्या नावाचं पांढरं कार्ड माझ्या रक्तावर निघालेलं होतं.

आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. यशोधरा तिचं नाव, पण मी जन्मात कधी ते घेतलं नाही. तीही मला नुसतं मित्रा म्हणते. वैनगंगेच्या काठचा आमचा धानाचा पट्टा, आणि आमचा सगळा भाग सिकलसेलचा. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस हाडांच्या दुखण्यानं गडाबडा लोळतो. ते जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर माणूस आजारी, त्याचं कार्ड लाल. एकाकडूनच आलं तर पिवळं. पिवळ्या कार्डाचं माणूस धडधाकट असतं, रोवणी करतं, पोती उचलतं, फक्त पुढच्या पिढीला ते जनुक देऊ शकतं. काहीच नसलं तर पांढरं. पिवळ्यानं पांढऱ्याशी खुशाल लग्न करावं, पिवळ्यानं पिवळ्याशी करू नये, एवढी एकच गोष्ट आरोग्यवाले गावोगाव सांगत फिरायचे.

सात वर्षांपूर्वी आमच्या शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. मी आठवीत, बाई दहावीत. रांगेत ती माझ्या पुढं होती. सुई दिसली तशी ती पांढरीफटक पडली आणि मटकन खाली बसली. पोरं हसायला लागली. मला राग आला. तोंडाची मी पहिल्यापासूनच फटकळ. पुढं झाले आणि रक्त घेणाऱ्या काकांना म्हटलं, "काका, माझंच दोनदा घ्या. दुसऱ्या बोटाचं तिच्या नावावर टाका."

काका म्हणाले, "असं कसं चालंल?"

"काहून नाही चालणार? एका माय-बापाच्या आम्ही. रक्त तर एकच ना?"

मागच्या रांगेतल्या दोन-चार पोरींनीही माना डोलावल्या. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. काकांची जीप पुढच्या गावाला निघायची होती. त्यांनी घड्याळ बघितलं, माझं दुसरं बोट धरलं आणि टोचलं. महिन्याभरानं दोन पांढरी कार्डं घरी आली. बाबांनी पेढे वाटले, आणि मी बाईला वर्षभर ऐकवत राहिले, "तुझ्यासाठी बोट दिलं मी, हं!"

आता नवरदेवाकडं या. प्रशिक बोरकर. तालुक्याला मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या पंपाची तार नव्यानं गुंडाळायचं दुकान. मुलगी बघायला आला तेव्हा चहाचा कप उचलायच्या आधी त्यानं खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि ताटलीत ठेवलं. "आधी हे बघा, मग चहा घेतो," म्हणाला. बाबा त्या एका गोष्टीवर भाळले. आमचं पांढरं कार्ड त्यांनी त्याच्या शेजारी ठेवलं आणि दोन्हीकडची मंडळी खूश झाली. साक्षगंध झालं, साखरपुड्याची अंगठी बोटात आली. बाई फोनवर बोलताना गालातल्या गालात हसायला लागली. मी त्याला जिजाजी म्हणायलाही लागले होते.

आणि आता हे.

होऊ शकतं की बाईचंही पांढरंच असेल, असं मी गावी जाणाऱ्या बसमध्ये शंभरदा स्वतःला सांगितलं. घरी कुणालाच नसेल. उगाच लग्नाच्या घरात कशाला काडी टाकायची? पण मग वाटायचं, नसेलच तर तपासायला काय हरकत आहे? आणि असलं तर? आमचा तालुका ब्रह्मपुरी येईपर्यंत माझं डोकं भणभणून गेलं.

घरासमोर मांडवाचे खांब रोवले होते. आई शेजारच्या सिंधूकाकूबरोबर पापड वाळत घालत होती. बाई आत पत्रिकांवर नावं घालत बसली होती. मी दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गोष्ट घोळवून सांगायची कला मला कधीच जमली नाही.

बाईनं पेनाचं टोपण लावलं. "झालं तुझं?"

"बाई, तालुक्याच्या दवाखान्यात दहा मिनिटांचं काम आहे. तिथल्या प्रयोगशाळेतले उंदीरवाडे सर माझ्या ओळखीचे आहेत."

"आठ दिवसांवर लग्न आलं अन् तू मले सुई टोचाले आली?"

"तुझ्या लेकरासाठी म्हणते ना मी."

"माझं लेकरू अजून जन्माले नाही आलं. लग्न मात्र आलं आहे. चार बुकं शिकली तर घरादाराले शिकवाले निघाली! रक्त एकच आहे असं तूच म्हणली होती ना? दहा पोट्ट्यांसमोर म्हणली होती."

"तवा मी आठवीत होती, बाई. अक्कल नव्हती मले."

"आता लय आली," बाई म्हणाली आणि तिनं पत्रिका पुढं ओढली. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. मीठ हवं असलं तरी आईकडून मागवायची.

दोन दिवस असेच गेले. आईला वाटलं, बहीण चालली म्हणून दोघी रुसल्या आहेत. ती बिचारी मला समजावत राहिली आणि मी आतल्या आत जळत राहिले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. खोटं सांगत नाही, त्या दोन दिवसांत मी चारदा ठरवलं की गप्प बसायचं, आणि पाचदा ठरवलं की बाबांना सांगायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वांगी चिरत होते. बाई येऊन चुलीजवळ उभी राहिली.

"मी त्यांच्या घरी गेलती ना, साक्षगंधानंतर," ती चुलीकडं बघत म्हणाली. "आतल्या खोलीतून आवाज येऊन राहिला होता. मले वाटलं, म्हस व्याली का काय. तर तो त्यांचा मोठा भाऊ होता. दादा म्हणतात त्याले. लाल कार्ड आहे. बत्तीस वर्षांचा माणूस अन् हात पोराएवढे. हे उठून आत गेले, पाय चेपत बसले अर्धा तास. बाहेर चहा थंड झाला."

मी विळी बाजूला सारली.

"चल," ती म्हणाली. "आईले सांगू, बांगड्या भराले चाललो."

उंदीरवाडे सरांनी मलाच करायला सांगितलं. "बहिणीचं आहे ना? तूच कर, हात बसेल." बाईनं तोंड भिंतीकडं वळवलं आणि माझी ओढणी मुठीत धरली. मी टोचलं. छोट्या नळीतल्या औषधात रक्ताचा थेंब सोडला आणि नळी स्टँडला लावली. मागं काळ्या रेघांचा कागद असतो. दहा मिनिटांनी नळीतून त्या रेघा स्पष्ट दिसल्या तर काही नाही. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे.

बाई वळली आणि वाकून बघायला लागली. चौथ्या मिनिटाला रेघा पुसट झाल्या. सहाव्या मिनिटाला तिनं विचारलं, "मित्रा, रेघा कुठी गेल्या?"

मला तिच्याकडं बघवेना.

सर म्हणाले, "पक्क्या तपासणीला पाठवतो. पण पोरगी ठणठणीत आहे, म्हणजे पिवळंच." तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. पिवळंच होतं. लग्नाला दोन दिवस उरले होते.

बाईनं त्याच दुपारी प्रशिकला फोन केला. घरामागच्या कडुलिंबाखाली उभी राहून बोलली. मी हातभर लांब उभी होते. ती रडली नाही. सगळं जसंच्या तसं सांगितलं, माझ्या बोटासकट. मग बराच वेळ ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "उद्या सकाळी येतो म्हणाले. तोवर घरी कोणाले काही सांगू नको म्हणाले." एवढं बोलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तो मोटरसायकलवर एकटाच आला. मांडवात बाबा होते, आई, सिंधूकाकू, ताडपत्री बांधणारे शेजारचे दोघं-तिघं. बाबांनी हसून खुर्ची पुढं केली. तो बसला नाही.

"बाबा, हे लग्न मी करू शकत नाही," तो म्हणाला. "माझी तयारी नाही. घरी दादाचं आजारपण, माझ्याच्यानं संसार झेपणार नाही. चूक माझी आहे. लोकांनी विचारलं तर माझंच नाव सांगा."

बाबांना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "पत्रिका वाटून झाल्या, मांडव टाकून झाला, अन् आता तुझी तयारी नाही? माझी पोरगी का बाजारातली भाजी आहे, उचलली अन् ठेवून दिली?"

"मी तवाच म्हटलं होतं," सिंधूकाकू हात नाचवत म्हणाली. "पिवळ्या कार्डाच्या घरी द्याचं काहून? रक्तच नासकं, मग बोलणं कुठून सरळ राहील?"

तो मान खाली घालून उभा होता. बाबांनी त्याची कॉलर धरली. मी तोंड उघडलं, तर त्यानं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. नाही, म्हणून. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं की हा माणूस काय करतो आहे. आमच्या बाईला कुणी उद्या "पिवळ्या कार्डाची, लग्न मोडलेली" म्हणू नये म्हणून तो सगळा शेण-चिखल आपल्या अंगावर घेत होता. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

"बाबा, कॉलर सोडा त्यांची."

बाई दारात उभी होती. अंगाला हळद लागायची त्या दिवशी, म्हणून जुनी साडी नेसलेली.

"तू आत जा," बाबा ओरडले.

"नाही जात. ते खोटं बोलून राहिले. माझ्यासाठी बोलून राहिले." ती मांडवाच्या मधोमध आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझंही कार्ड पिवळंच आहे. घरी आहे ते पांढरं माझं नाही, मित्राच्या रक्ताचं आहे. काकू, नासकं म्हणाचं तर मलेही म्हणा. पण माझ्याकडं बघून म्हणा."

काकूचे नाचणारे हात खाली आले. ताडपत्रीवाले शिडीवर तसेच थिजले. मग मला सगळं सांगावं लागलं, शिबिर, दोन बोटं, नागपूरचा चौकोन. आईनं ऐकता ऐकता माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. सात वर्षं उशिरा पडला, पण बरोबर जागी पडला.

बाबा खुर्चीत बसले. "म्हणजे दोघंही पिवळे. मग काय होते?"

"चारात एक लेकरू लाल कार्डाचं होऊ शकते, बाबा."

बाबा राईस मिलवर हमाली करायचे. हिशेबाला पक्के. त्यांनी चार बोटं समोर धरली, एक मिटलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "एवढंच ना? मग तीन तर चांगले! तिसऱ्यावर थांबाचं. चौथं होऊच द्याचं नाही!"

मला हसावं की रडावं कळेना. "बाबा, ते रांगेनं नसते येत. दर वेळी चिठ्ठी नवी असते. चारही चांगले निघतील. नाही तर पहिलंच—"

"आमच्या घरी पहिलंच निघालं, बाबा," प्रशिक म्हणाला.

एवढा वेळ तो खाली बघत होता. आता त्यानं बाबांकडं बघितलं. "दादा पहिला. मी दुसरा. थंडीच्या दिवसांत तो उशी चावून रडते. मले म्हणते, तू काहून सुटला अन् मी काहून सापडलो? मी काय सांगू त्याले? यशोधराबद्दल माझ्या मनात काय आहे ते तिले माहीत आहे. पण आपल्या हातानं दुसरा दादा आणाचा, माहीत असून आणाचा, ते नाही होत माझ्याच्यानं."

आईनं पदर तोंडाला लावला. बाबांची ती चार बोटं मांडीवर पडून राहिली. पोटातल्या गर्भाची तपासणी करता येते हे आता मी रोज माणसांना समजावून सांगते. तेव्हा आमच्या गावात ते कुणी ऐकलंही नव्हतं, मीही नाही.

प्रशिकनं हात जोडले आणि गाडीकडं वळला. बाबा उठले. मला वाटलं, आता काय करतात कोण जाणे. त्यांनी जाऊन गाडीची किल्लीच काढून घेतली.

"जेवल्याबिगर जाचं नाही," म्हणाले. "सोयरीक गेली, माणूस नाही गेला."

आणि तो जेवला. वरण-भात आणि वांग्याची भाजी. बाईनं वाढलं. त्यानं पुरे म्हटलं तरी तिनं भात वाढला. मग आत जाऊन डबा भरला.

"हा दादासाठी. वांगं चालते ना त्यांना?"

"चालते," तो म्हणाला. डबा घेऊन तो गेला.

संध्याकाळी सिंधूकाकू मागच्या दारानं आली. तिची जीभ जड झाली होती. "मित्रा, आमच्या कुंदानंही शिबिरात तिच्या बहिणीचंच बोट पुढं केलं होतं वो. सुईले भेते ती." तिच्या लेकीचं, कुंदाचं, लग्न पुढच्या महिन्यात होतं. उंदीरवाडे सरांना सांगितलं, त्यांनी वर कळवलं, आणि त्या शिबिरातल्या सगळ्यांची पुन्हा तपासणी झाली. आमच्यासारखी आणखी पाच घरं निघाली. सगळ्यांचं म्हणणं एकच, रक्त तर एकच ना!

बाईनं पुढं दोन वर्षांनी सिंदेवाहीच्या पांढऱ्या कार्डाच्या एका शिक्षकाशी लग्न केलं. बघायला आलेल्यांच्या ताटलीत तिनं आपल्या हातानं पिवळं कार्ड ठेवलं. तीन स्थळं त्यावरून उठून गेली, चौथं बसलं. तिची मुलगी पिवळ्या कार्डाची आहे, मुलगा पांढऱ्या, आणि दोघांनाही आपापलं कार्ड तोंडपाठ आहे. त्यांची बोटं मीच टोचली. प्रत्येकाचं वेगळं.

पण मला लग्न मोडलं तो दिवस नाही आठवत एवढा. मला आठवतो तो त्यानंतरचा सोमवार. मांडव उतरवला होता. बाई शेणसडा घालत होती, पापडांचे डबे झाकत होती, आल्या-गेल्याला उत्तरं देत होती, आणि एक टिपूस तिच्या डोळ्यांतून आलं नव्हतं. माझ्याशी अजून ती कामापुरतंच बोलायची. दुपारी प्रशिकच्या दुकानातला माणूस डबा परत द्यायला आला. डबा घासूनपुसून लख्ख केलेला होता, आणि आत मूठभर साखर होती. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, म्हणून.

आई म्हणाली, "ठेव, चहाले होईल."

"नाही," बाई म्हणाली. "मित्रा, हात कर पुढं."

मी हात पुढं केला. तिनं निम्मी साखर माझ्या तळव्यावर ओतली, निम्मी आपल्या. आम्ही दोघींनी ती उभ्या उभ्याच खाल्ली. हाताला चिकटलेले शेवटचे दाणेसुद्धा तिनं चाटून घेतले. मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला.